हिरडी दुखतेय. किती दिवस वाट बघायची?

अर्धविराम | मंगळ, रात्री ११:१०

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण घरात विचारला की भाषण ऐकावं लागतं म्हणून इथे टाकतोय.

खालच्या डाव्या बाजूला, शेवटून दुसऱ्या दाढेची हिरडी गालाच्या अंगाने दुखतेय. आज नववा दिवस. आधी वाटलं काहीतरी अडकलं असेल. जीभ सारखी तिथेच जाते. आरशासमोर उभं राहून, ओठ ओढून, मोबाईलचा टॉर्च मारून पाहिलं तर बाकीची हिरडी फिकट गुलाबी आणि तेवढाच पट्टा लालभडक, फुगलेला, चकचकीत. ब्रश लागला की रक्त. म्हणून चार दिवस त्या बाजूला ब्रश फिरवणंच बंद केलंय. ठणका वगैरे नाही. दाबलं तर दुखतं, नाही दाबलं तर विसरतो.

तर, घरी काय करावं? आणि आपोआप जाणारं दुखणं कुठलं, दाखवायलाच हवं असं कुठलं, हे कशावरून ओळखायचं? त्या खुर्चीची मला भीती वाटते हे आधीच कबूल करून टाकतो. शेवटचा गेलो त्याला सहा वर्षं झाली.

उंटावरचा_शहाणा | मंगळ, रात्री ११:२४

हिरड्यांतून थोडंफार रक्त सगळ्यांनाच येतं. माझं वीस वर्षं येतंय. कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भरा, आठवड्यात गप्प बसेल. दवाखान्यात गेलात की एका दाढेच्या निमित्ताने अख्ख्या तोंडाचं बांधकाम काढतात. मी आजवर एकदाही गेलेलो नाही आणि बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत.

मधली_सुट्टी | मंगळ, रात्री ११:३१

>> माझं वीस वर्षं येतंय

रोज हात धुताना वीस वर्षं रक्त आलं असतं, तरी असेच निवांत राहिला असतात का हो? (ह. घ्या.)

उंटावरचा_शहाणा | मंगळ, रात्री ११:३३

हात वेगळा, तोंड वेगळं.

मधली_सुट्टी | मंगळ, रात्री ११:३४

तोंड वेगळं हे तुमचे प्रतिसाद वाचून पटलंच होतं.

खडूस_काकू | बुध, सकाळी ७:०५

भांडा नंतर. काय करू नये ते मी सांगते, कारण करून बसलेय.

रात्री दोनला दाढ ठणकायला लागली. घरात अ‍ॅस्पिरिनची गोळी होती. कधीतरी कुणीतरी सांगितलेलं डोक्यात होतं, गोळी दुखऱ्या जागी दाबून धरायची. धरली. थोड्या वेळाने चुरचुरायला लागलं, तर मला वाटलं औषध लागू पडतंय! सकाळी आरशात बघते तो गालाच्या आतली कातडी पांढरी होऊन सायीसारखी सुटून आलेली. बोटाने ओढली तर निघाली. दाढ दुखायची ती दुखतच होती, वर तोंड भाजलेलं. डॉक्टर म्हणाले, आम्लच ते, कातडीवर ठेवलं की जाळणारच. गोळी गिळायची असते, चिकटवायची नसते.

लवंगेच्या तेलाचंही तसंच. निव्वळ तेल बोळ्यावर भिजवून हिरडीवर ठेवलं की बधिर होतं खरं, पण भाजूही शकतं.

टिपकागद | बुध, सकाळी ८:४०

माझ्या बाबतीत उलटं. मी दिवसाला आठ-दहा सिगरेटी ओढतो (माहितीये, माहितीये) आणि हिरड्यांतून थेंबभर रक्त नाही. म्हणजे माझ्या हिरड्या ठणठणीत समजायच्या ना?

खुर्चीपलीकडून | बुध, दुपारी २:१५

मी त्या खुर्चीच्या पलीकडची, म्हणजे दंतवैद्य. इथे बसून अर्धविराम यांचं निदान करणार नाही. तोंडात आरसा न घालता केलेलं निदान म्हणजे अंदाजपंचे दाहोदर्से.

पण एक गोष्ट आजच सांगते. रक्त येतंय म्हणून ब्रश बंद करू नका. दाताच्या मुळाशी, हिरडीच्या काठाला जो चिकट पांढुरका थर बसतो (नखाने खरवडून बघा, येईल), तो जिवाणूंचा असतो. हिरडी सुजते ती त्यांच्याशी झुंजताना. ब्रश थांबला की थर वाढतो, थर वाढला की सूज, सूज वाढली की आणखी रक्त. तुम्ही चार दिवस नेमकं उलटं करताय.

याचा प्रयोगच झालेला आहे. डेन्मार्कमधल्या ऑर्हूसच्या दंत महाविद्यालयात हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी चांगल्या हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं सोडायला लावलं. त्यातले बहुतेक पहिल्या वर्षाचे विद्यार्थीच होते, बिचारे. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. परत घासायला लागल्यावर साधारण आठवडाभरात उतरल्या. १९६५ साली हे छापून आलं आणि आजही आम्हाला पहिल्या काही धड्यांतच शिकवतात. म्हणजे सुरुवातीची सूज पूर्ण बरी होते. मात्र ती हिरडीखालच्या हाडापर्यंत पोचली की गेलेलं हाड सहसा आपणहून परत येत नाही. तिथून पुढे आहे ते राखणं एवढंच उरतं.

मऊ ब्रश घ्या. तो हिरडीच्या काठाशी तिरका टेकवायचा, ४५ अंशांत, आणि जागच्या जागी थरथरवायचा. भांडी घासल्यासारखं नाही. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं. फटींमध्ये फ्लॉस किंवा फटींसाठीचा बारका ब्रश. पहिले काही दिवस रक्त येईल, मग कमी होत जाईल. मिठाची चूळ खुशाल घ्या, ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. आराम पडतो, पण थर त्याने निघत नाही. आणि थरात क्षार बसून एकदा किटण झालं की ते ब्रशलाही दाद देत नाही, मग स्केलिंगच, म्हणजे दवाखान्यात अवजाराने खरवडून काढणं.

टिपकागद, तुमचं उत्तर कडू आहे. धूम्रपानाने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्त येत नाही. आजार असला तरी येत नाही. आग लागलीय आणि भोंग्याची वायर तोडलीय, असा प्रकार. तुम्ही दुखायची वाट न बघता तपासून घ्या.

टिपकागद | बुध, दुपारी २:२२

धागा उघडल्याचा पश्चात्ताप होतोय. पण धन्यवाद.

चक्रम | बुध, दुपारी ३:०२

व्हिटॅमिन सी कमी पडलं की हिरड्यांतून रक्त येतं, हे कुणीच कसं लिहिलं नाही? शाळेत शिकलो होतो. स्कर्व्ही!

रच्याकने, जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलाच्या डॉक्टरने १७४७ साली जहाजावर स्कर्व्ही झालेले खलाशी घेऊन, दोन-दोनच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला होता. संत्री-लिंबं मिळालेली जोडी झपाट्याने सुधारली. आणि गंमत म्हणजे तेही १२ जणच! हिरड्यांचे बारा वाजवायला बारा माणसं पुरतात असं दिसतंय.

घारी | बुध, दुपारी ३:१०

हहपुवा. 'बारा वाजवायला बारा' आमच्या घरी फ्रीजवर चिकटवणार.

खुर्चीपलीकडून | बुध, दुपारी ४:३५

चक्रम, किस्सा झकास. पण नीट जेवणाऱ्या माणसाला स्कर्व्ही क्वचितच होते. रक्त येणाऱ्या बहुतेकांची अडचण थराची असते, सी गोळ्या चघळून तो जात नाही. उलट आंबट गोळ्या दिवसभर चघळल्या तर दातांवरचं आवरण झिजतं.

घारी | बुध, सायं ६:१८

मला पाचवा महिना चालू आहे. आधी कधी त्रास नव्हता, आता ब्रश केला की बेसिन गुलाबी. वरच्या दोन दातांच्या मधे तर हिरडीचा छोटा लाल गोळाच आलाय, दुखत नाही पण पटकन रक्त येतं. घरात सगळे म्हणतात, या दिवसांत दाताला हात लावायचा नसतो.

खुर्चीपलीकडून | बुध, रात्री ९:५०

घारी, लावायचा असतो. गरोदरपणात संप्रेरकं बदलतात आणि तेवढ्याच थराला हिरडी जास्त चिडून उठते. असा गोळाही काहींना येतो आणि बाळंतपणानंतर बहुधा आक्रसतो, पण एकदा कुणीतरी बघायला हवा. तपासणी, स्वच्छता, लागलं तर जागा बधिर करणं, हे गरोदरपणात करता येतं. मधले तीन महिने बसायलाही सगळ्यात सोयीचे. फक्त कितवा महिना आहे ते आल्या आल्या सांगा. वेदनाशामक गोळी मात्र मनाने घेऊ नका.

पानगळ | गुरु, सकाळी ९:१२

'दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं' यावर माझा अनुभव लिहितो.

समोरच्या खालच्या दातापाशी हिरडीवर पुटकुळी आली. दोन दिवस जीव खाल्ला तिने. तिसऱ्या दिवशी चूळ भरताना फुटली, खारट-घाण चव आली आणि पाच मिनिटांत दुखणं गायब. मी काय सुटलो म्हणून सांगू! डॉक्टरकडची वेळ घेतली होती, ती फोन करून रद्द केली. नंतर महिन्या-दोन महिन्यांनी ती पुटकुळी यायची, फुटायची, जायची. दुखत नव्हती म्हणून मीही लक्ष दिलं नाही. आठ महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी एक्स-रे काढला, तर मुळाच्या टोकाशी काळा डाग, म्हणजे तिथलं हाड खाल्लेलं. पुटकुळी ही आतल्या पुवाने स्वतःसाठी काढलेली मोरी होती. मोरी वाहती होती म्हणून ठणका नव्हता, इतकंच. रूट कॅनाल झालं, दात वाचला.

मधे एकदा मनाने अँटिबायोटिकही घेतलं होतं. पाच दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच.

खडूस_काकू | गुरु, सकाळी ९:४०

'मोरी' वाचून सकाळचा चहा तसाच ठेवला. पण पटलं.

सातदाते | गुरु, दुपारी १२:३०

माझं आडनाव दाते आणि स्वतःचे दात उरलेत सात, म्हणून हे नाव. इतके दिवस नुसता वाचक होतो, पण उंटावरच्या शहाण्यांचा प्रतिसाद वाचून राहवेना.

साहेब, मीही असंच म्हणायचो. मला एक दिवससुद्धा दुखलं नाही. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं म्हणतात, माझं आलं मुंगीच्या पावलांनी. आधी रक्त यायचं, मग तोंडाला वास यायला लागला. बायको सांगायची, मी टूथपेस्ट बदलायचो. मग दात लांब दिसायला लागले. दात वाढत नसतात या वयात, हिरडी उतरत असते, हे कुणी सांगितलं नव्हतं. जुन्या आणि नव्या फोटोत बघितलं तर समोरच्या दोन दातांत काडी जाईल एवढी फट. मी समजलो वयाने होतं. एक दिवस वाचत बसलो होतो आणि नुसत्या जिभेने ढकलल्यावर समोरचा दात हलला. किडलेला नव्हता हो! पांढराशुभ्र, एकही भोक नाही. धरून ठेवणारं हाडच गेलं होतं. चार वर्षांत एकेक करून गेले.

मधुमेह आहे हेही तेव्हाच कळलं. डॉक्टर म्हणाल्या की साखर वाढलेली असली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात राहत नाही. माझी दोन्हीकडून कोंडी झाली होती.

आता कवळी आहे. ती रोज घासतो, रात्री काढून ठेवतो. दातांची एवढी काळजी घेतली असती तर आडनाव लाजलं नसतं.

उंटावरचा_शहाणा | गुरु, दुपारी १२:५८

वाईट वाटलं वाचून. पण मला अजून म्हणायचंय की क्लीनिंगनेच दात हलतात. माझ्या भावाचं झालंय. आधी घट्ट होते, साफ केले आणि फटी पडल्या, गार पाणी झोंबायला लागलं. यावर बोला.

खुर्चीपलीकडून | गुरु, रात्री १०:२०

बोलते. रोज एकदा तरी ऐकते हे.

फटी पडल्या नाहीत, उघड्या पडल्या. दातांमधली जागा किटणाने लिंपलेली होती आणि वरून सुजलेल्या हिरडीने झाकलेली. किटण निघालं, सूज उतरली, जागा दिसायला लागली. हाड खूप गेलेलं असेल तर किटणच दातांना एकमेकांना बांधून धरतं, ते काढल्यावर दात हलल्यासारखा वाटतो. पण हाड घालवलं कोणी? त्याच किटणावर बसलेल्या जिवाणूंनी. झोंबणं खरं आहे, मुळाचा झाकलेला भाग उघडा पडतो. बहुतेकांचं काही दिवसांत कमी होतं.

अर्धविराम यांचा मूळ प्रश्न बाजूलाच राहिलाय. कधी दाखवायचं?

नीट ब्रश करून आठवडा, फार तर दोन आठवडे झाले तरी रक्त किंवा सूज हटत नसेल, तर वेळ घ्या. त्याआधीही, म्हणजे त्याच दोन-तीन दिवसांत घ्या, जर पू येत असेल, पुटकुळी असेल, दात हलत असेल, चावताना एकच दात उंच झाल्यासारखा लागत असेल किंवा ठणका झोप मोडत असेल. अक्कलदाढ अर्धवट वर आलेली असते तिच्यावरचा हिरडीचा पदरही असा सुजतो, मग तोंड नीट उघडत नाही. तेही लांबवू नका. तोंडातला कुठलाही फोड, पांढरा किंवा लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर दाखवायचाच, दुखत नसला तरी. न दुखणारा तर आधी.

आणि वाट बघायचीच नाही अशी वेळ : गालाची सूज जबड्याखाली, मानेकडे किंवा डोळ्याकडे सरकतेय, ताप आहे, थुंकी गिळता येत नाही, जीभ वर उचलली गेल्यासारखी वाटते, श्वास जड होतोय. तेव्हा दातांचा दवाखाना सकाळी उघडेल म्हणून थांबायचं नाही. रात्री तीन वाजले असतील तरी मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठायचा. जबड्याखाली पसरणाऱ्या या संसर्गाचं वर्णन लुडविग या जर्मन डॉक्टरने १८३६ मध्ये केलं, अजूनही त्याच्याच नावाने तो ओळखतात आणि अजूनही त्याने माणसं दगावतात.

हिरड्या काही न करता, नुसत्या बसल्या बसल्या वाहत असतील, अंगावर निळे डाग उठत असतील, थकवा असेल तर रक्ताची तपासणी हवी. रक्ताच्या कर्करोगाची सुरुवात कधीकधी हिरडीत दिसते. घाबरवायला लिहीत नाही, क्वचित असतं, पण माहीत असावं.

वांगंबिंगं | शुक्र, सकाळी ८:०२

माझ्या वडिलांच्या हिरड्या वर्षभरात दातांवर चढत गेल्या. दुखत नव्हत्या, नुसत्या जाड. दंतवैद्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, बीपीची गोळी कुठली? अ‍ॅम्लोडिपीन होती. त्यांच्या डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, मग उतरल्या. फिटच्या फेनिटॉइन या औषधानेही असं होतं म्हणे. औषधांची यादी खिशात घेऊन जा लोकहो. आणि गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

मधली_सुट्टी | शुक्र, सकाळी ८:३०

रक्त पातळ करायच्या आणि हाडं ठिसूळ झाल्यावर देतात त्या गोळ्याही यादीत घाला. दात काढायच्या आधी त्यांना ते कळायला हवं असतं.

अवांतर : क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश कुणी महिनोन्महिने वापरत असाल तर थांबा. मला दोन आठवड्यांसाठी दिलं होतं, मी हौसेने तीन महिने वापरलं. दात तपकिरी, तोंडाची चव गेलेली. ऑफिसात एकाने विचारलं, तपकीर ओढता का?

घारी | शुक्र, दुपारी १:१५

तपासून आले! गोळ्याला हात लावला नाही, फक्त साफ केलं आणि ब्रश कसा धरायचा ते दाखवलं. बाळंतपणानंतर परत बघू म्हणाल्या. सासूबाई सोबत आल्या होत्या, त्यांचंच किटण जास्त निघालं.

अर्धविराम | सोम, रात्री १०:४५

गायब झालो होतो, माफी. बुधवारपासून ब्रश सुरू केला. सुरुवातीला अंगावर काटा यायचा, पण रविवारपर्यंत रक्त निम्म्याने कमी झालं. दुखणंही जवळपास गेलं. पानगळ यांचा प्रतिसाद वाचला नसता तर हेच कारण सांगून मी गेलो नसतो. आज गेलो.

डॉक्टरांनी एक बारीक आकडी घेतली, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा. दात आणि हिरडीच्या मधे ती अलगद सरकवायची आणि आकडा मोठ्याने सांगायचा, सहायक लिहून घ्यायची. मी छताकडे बघत ऐकतोय. "तीन, दोन, तीन. दोन, दोन, तीन. तीन, तीन, दोन." ३ पर्यंत ठीक असतं, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. मी परीक्षेचे मार्क ऐकावेत तसा मोजत होतो. त्या दाढेपाशी आले. "तीन, चार," आणि मग जरा थांबून, "सहा."

दुखत नव्हतं हो! सहा मिलिमीटर आत आकडी गेली आणि फक्त टोचल्यासारखं वाटलं. जागा बधिर करून आत साफ केलं. निघालेला एक कण कापसावर ठेवून दाखवला, टाचणीच्या डोक्याएवढा, काळा, दगडासारखा. एक्स-रेमध्ये तिथलं हाड थोडं उतरलंय. तीन महिन्यांनी परत मोजणार. आणखी दोन जागी पाच आहेत, उजव्या बाजूला. तिकडे मला काहीच होत नव्हतं. फटींचा बारका ब्रश दिलाय, रोज रात्री वापरायचा.

खुर्चीची भीती? अजून आहे. पण आता सहाची जास्त वाटते.

खुर्चीपलीकडून | सोम, रात्री ११:२०

बरं केलंत. तीन महिन्यांनी आकडा इथे टाका.

उंटावरचा_शहाणा | सोम, रात्री ११:५२

ती आकडी… रक्त येणाऱ्या प्रत्येक ठिकाणी घालतात का? अशीच चौकशी.

मधली_सुट्टी | सोम, रात्री ११:५३

प्रत्येक दाताला सहा ठिकाणी. तुमच्याकडे बत्तीस आहेत ना? एकशे ब्याण्णव आकडे. वही घेऊन जा.

उंटावरचा_शहाणा | मंगळ, रात्री १२:०४

गुरुवारची वेळ घेतलीय. भावाला सांगू नका, तोही इथे वाचतो.

उंटाचा_भाऊ | मंगळ, रात्री १२:०६

वाचलं.